अक्काचा नंबर

देविका चीनहून परवाच आली होती आणि आज येऊन पुस्तक वाचून दाखवणार होती, म्हणून शिवकन्येने सकाळपासून दोनदा दूध उतू घालवलं. तिसऱ्यांदा भांडं गॅसवर ठेवलं आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिली. चौतीस वर्षांची बाई, ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणारी, दीडशे पोरांच्या वर्गाला नुसत्या भुवईने गप्प करणारी. पण आज तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

लातूरात इंग्रजीच्या बाईला काय किंमत असते, हे लातूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगायला हवं. डॉक्टर व्हायच्या परीक्षेत फिजिक्स येतं, केमिस्ट्री येतं, बायलॉजी येतं. इंग्रजी येत नाही. म्हणजे इंग्रजीची बाई ताटातल्या लोणच्यासारखी, असली तर असली. बायलॉजीच्या सरांचे फोटो औसा रोडच्या खांबाखांबावर लागतात. शिवकन्येचा फोटो फक्त आधार कार्डावर होता.

अशा या बाईने चार वर्षांपूर्वी इंग्रजीत एक कादंबरी लिहिली. ‘द गर्ल फ्रॉम शेड नंबर फॉर्टी’. जड साहित्य वगैरे काही नव्हे. स्टेशनावर विकत घ्यावी, गाडीत बसावं आणि उतरायच्या आत संपवावी, अशी. किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली एक मुलगी, पत्र्याच्या शेडमध्ये वाढते, शिकायला लातूरला येते, एकदा नापास होऊन रिपीटर होते, आणि त्या वर्षात पेपर फोडणारी टोळी पकडून देते. गोष्ट सांगते तिची धाकटी बहीण. या मुलीचं नाव पुस्तकात कुठेच नाही, सगळे तिला ‘अक्का’च म्हणतात. होस्टेलच्या पोरींनी ती उशीखाली ठेवून वाचली, ट्यूशन एरियात तिच्या झेरॉक्स निघाल्या. आणि लातूरात ज्याची झेरॉक्स निघते, ते चाललं म्हणायचं!

पण चीन? चीनचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुंबईच्या प्रकाशनातल्या आलोकने, तिची कादंबरी तपासणाऱ्या तरुणाने, फोनवर चीनचं नाव काढलं, तेव्हा तिने आधी चेष्टा म्हणून फोन ठेवून दिला होता. तिकडे म्हणे इंग्रजीतल्या अशा चटपटीत कादंबऱ्यांना मोठं गिऱ्हाईक आहे. इंग्लंड-अमेरिकेतली खुनाची, प्रेमाची पुस्तकं धडाधड चिनी भाषेत जातात, आणि आता त्या रांगेत लातूरची पोर जाऊन उभी राहणार होती. श्यू यान नावाच्या बाईने भाषांतर केलं होतं. पहिली आवृत्ती तीस हजार. शिवकन्येने नांदेडला फोन करून नवऱ्याला आकडा सांगितला, तर मन्मथ म्हणाला, “शून्य एखादं जास्त लागलं असंल, नीट बघ.” तो तिथे फिजिक्स शिकवायचा आणि शनिवार-रविवार घरी यायचा, शून्यांवर त्याचा सहज विश्वास बसत नसे.

आणखी एक गोष्ट होती. ती आलोकला ठाऊक नव्हती, मन्मथला अर्धी ठाऊक होती.

अक्का खरी होती. तिचं नाव शिल्पा. शिवकन्येची सख्खी बहीण, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सातवीत पहिली आलेली, गावातल्या शेळ्यांची नाडी बघत फिरणारी. त्र्याण्णव साली गाव पडलं तेव्हा दगडमातीची भिंत आणि वरचं माळवद एकदमच खाली आलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हातांनी दगड उपसून शिवकन्येला बाहेर काढलं. शिल्पापर्यंत पोचले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवसापासून अण्णांनी थोरल्या मुलीचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी काढलं नाही. आई गेली तीही ते नाव मनात घेऊनच.

शिवकन्येने पुस्तकात अक्काला जगवलं. एवढ्यासाठीच लिहिलं होतं ते सगळं. टोळी, पोलीस, पाठलाग हा नुसता मालमसाला. शेवटच्या पानावर मेडिकलची यादी लागते आणि अक्काचा नंबर त्यात निघतो, त्या एका ओळीसाठी तिने तीनशे पानं उभी केली. आणि इंग्रजीत का? तर मराठीत लिहिलं असतं तर कुणीतरी हौशीने अण्णांना वाचून दाखवलं असतं.

अण्णा आता सत्तरी ओलांडलेले, लेकीकडेच राहायचे. हणमंतराव म्हणून गल्लीत त्यांना मान होता. या घडीला ते व्हरांड्यात पाटावर बसून सूपभर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

“आली बघ तुजी चिनी डाक्टर,” ते म्हणाले.

देविका फाटकातून आत आली. उदगीरची पोरगी, वडील तहसीलमध्ये, आई शाळेत. दोनदा परीक्षा दिली, दोन्हीदा थोडक्यात हुकली, मग चीनमध्ये एमबीबीएसला गेली. तिसरं वर्ष संपवून सुट्टीला आली होती. बारावीत शिवकन्येची लाडकी विद्यार्थिनी, आणि लातूर जिल्ह्यात चिनी वाचता येणारी शिवकन्येला माहीत असलेली एकुलती एक व्यक्ती.

“मॅडम, फाईल उघडा लवकर. मला रात्रभर झोप न्हाई.”

प्रकाशनाने चार दिवसांपूर्वीच पूर्ण पुस्तकाची फाईल पाठवली होती, छापायला जायच्या आधी लेखिकेने नजर घालावी म्हणून. नजर घालून शिवकन्येला काय कळणार? तिने मुखपृष्ठ पाहिलं, त्यावरची पत्र्याची शेड पाहिली आणि लॅपटॉप छातीशी धरून बसली होती.

देविका खुर्ची ओढून बसली आणि वाचू लागली. आधी चिनी, मग मराठी. शेडचं वर्णन आलं, होस्टेलची मेस आली. दोघी हसून हसून बेजार झाल्या, कारण श्यू यानबाईंनी भाषांतर करताना सत्तेचाळीस प्रश्न पाठवले होते आणि त्यातला एक होता की इंग्रजीत मेस म्हणजे पसारा, तर मग तुमच्या मुली दिवसातून दोनदा पसाऱ्यात जेवायला का जातात? ‘रिपीटर’ला मात्र एकही प्रश्न आला नव्हता. त्यांच्याकडे तसल्या पोरांचं अख्खं गाव वसेल, असं देविका म्हणाली. मोठ्या परीक्षेत एकदा आपटलं की वर्षभर पुन्हा तेच, तेच क्लास, तेच आईबाप दारात.

“मॅडम, लई भारी केलंय हो या बाईने. वाचताना वाटतंय, हे लोक ट्यूशन एरियातच ऱ्हातेत.”

शिवकन्येच्या अंगावर काटा आला. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि मन्मथला हे सांगायलाही तिची हरकत नव्हती.

“शेवटचं पान,” ती म्हणाली. “शेवटचं वाच. नुसतं चिनीत वाच, मला ऐकायचंय.”

देविकाने खाकरून घसा साफ केला. शिवकन्या डोळे मिटून बसली. एक शब्द कळत नव्हता, पण कुठे गर्दी आहे, कुठे धाकटी बहीण माणसांच्या पायांतून वाट काढतेय, कुठे ती बोर्डापाशी पोचते, हे तिला आवाजावरून समजत होतं. मग देविका थांबली आणि शेवटची छोटी ओळ वाचली.

“ज्ये-ज्ये मेइ ल.”

व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. “कोन मेली गं?”

देविका खळखळून हसली. “न्हाई हो आजोबा! मेली न्हाई. चिनी हाय ते. ज्ये-ज्ये म्हणजे अक्का, आणि मेइ ल म्हणजे…”

आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने ओळ पुन्हा पाहिली. मग मागचं पान काढून पाहिलं.

“म्हणजे काय?” शिवकन्येने विचारलं.

“मॅडम, मेइ ल म्हणजे… उरली नाही. माणसाबद्दल म्हटलं तर, गेली.” देविकाचा आवाज बारीक झाला. “आजोबांनी बरोबर ऐकलं. यात अक्का मरतीय.”

शिवकन्येला वाटलं खुर्ची हलली. ज्याने भूकंप पाहिलाय त्याला खुर्ची हलल्यासारखी वाटणं म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगता येत नाही. तिने टेबल घट्ट धरलं.

“असं कसं? शेवटी नंबर लागतो तिचा!”

“तुम्ही इंग्रजीत काय लिहिलंय ते दाखवा.”

शिवकन्येने कपाटातून पुस्तक ओढलं. शेवटचं पान. शेवटची ओळ. ‘हर नंबर वॉज अप.’

आणि आता, चार वर्षांनी, इंग्रजीच्या बाईने स्वतःची ओळ पहिल्यांदा इंग्रजीत वाचली. आजवर ती तिने मराठीतच वाचली होती. तिच्या कानात अक्काचा नंबर लागला होता, यादी वर लागली होती, बोर्डावर होती. तिने मुळात लिहिलंही होतं तसंच, ‘अप ऑन द बोर्ड’. आलोकने फोन करून सांगितलं, मॅडम, बोर्ड काढू या, वाक्य कसं टोकदार होतं बघा. तिलाही पटलं. इथल्या कुणालाच काही खटकलं नाही, कारण या देशात ज्याचा नंबर येतो त्याचं भलंच होतं. पण साहेबाच्या इंग्रजीत ‘नंबर इज अप’ म्हणजे घटका भरली, संपला माणूस. हाच वाक्प्रचार तिने बारावीला फळ्यावर लिहून दिला होता. दर वर्षी! अर्थासकट!

“देवा रे,” ती म्हणाली. “मीच मारलं की तिला.”

“तुम्ही कशाला, भाषांतरवाल्या बाईने विचारायला पाहिजे होतं…”

विचारलं होतं. शिवकन्येने ती सत्तेचाळीस प्रश्नांची यादी उघडली. प्रश्न एकतिसावा: शेवटची ओळ मुद्दाम अशी आहे का? वाचकाला मोठा धक्का बसेल. आणि खाली तिचं स्वतःचं उत्तर, तोऱ्यात दिलेलं: हो, मुद्दाम. संपूर्ण पुस्तक या ओळीसाठी आहे. कृपया बदलू नये.

घड्याळात पाऊण वाजला होता.

तिने आलोकला फोन लावला. आलोकने सगळं ऐकून घेतलं आणि पुणेरी शांतपणाने म्हणाला, “मॅडम, पण डिक्शनरीप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. शिवाय तुम्हीच तसं लिहून दिलंय. आणि खरं सांगू? शेवट असाच जास्त परिणामकारक वाटतो.”

“परिणाम गेला खड्ड्यात!” शिवकन्या ओरडली. व्हरांड्यातला शेंगांचा आवाज थांबला. “माझी अक्का मरत नाही. ऐकलं का? मरत नाही ती. फाईल कधी जातेय छापायला?”

“आज पाच वाजता. मी तिकडच्या एजंटला मेल टाकतो, पण ते आता मीटिंगमध्ये असतील. बघू या.”

“पाच म्हणजे अजून चार तास हाईत,” फोन ठेवत ती म्हणाली. सभ्य मराठी केव्हाच सुटलं होतं.

देविकाने कपाळाला हात लावला. “मॅडम, त्यांचे पाच. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं हाय. आपल्या अडीच वाजता फाईल गेली.”

म्हणजे पावणेदोन तास. शिवकन्येने श्यू यानला मेल लिहिला. इतका गिचमिड की दहावीच्या पोराने लिहिला असता तर तिने लाल पेनाने रंगवला असता. पाठवला. पाच मिनिटं वाट पाहिली. दहा मिनिटं. मेल त्या लोकांना कधी पोचतात, कधी नाही, देविका सांगत होती. तिकडे सगळं वीचॅटवर चालतं, भाजीवाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत. श्यू यानच्या जुन्या मेलखाली तिचा वीचॅटचा पत्ता होता. देविकाने आपल्या फोनवर शोधला. लाल छत्रीचं चित्र असलेलं खातं सापडलं.

“हीच का?”

“हीच असंल. पण अनोळखी माणसाला घेतीलच असं नाही. रोज दहा फसवे लोक विनंती पाठवितेत. सोबत एक छोटी ओळ लिहिता येते, तेवढीच. ती वाचून वाटलं तर घेतील.”

“मग लिही! मी लेखिका शिवकन्या, लातूरहून, तातडीचं काम…”

“एवढं वाचणार न्हाईत मॅडम. फसवे लोक पण तातडीचंच लिहितेत.” देविकाचा अंगठा अधांतरी थांबला. मग तिने चारच अक्षरं टाकली. “ज्ये-ज्ये मेइ स्स.”

“परत मेइ?”

“हे दुसरं. मेइ म्हणजे नाही. मेइ स्स, मेली नाही.” आणि ती मोठ्याने म्हणाली, “अक्का मेली नाही.”

शिवकन्येने व्हरांड्याकडे पाहिलं. अण्णा शेंगा सोडून उंबऱ्यात येऊन उभे होते. एका हातात फुटलेली शेंग तशीच. त्यांच्याशी बोलायला हवं होतं, पण त्या क्षणी फोन टुणकन वाजला. विनंती मान्य! पाठोपाठ एक चिनी ओळ आली आणि देविका खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

“विचारतीय, कोण बोलतंय? कुठली अक्का?”

“कॉल लाव. लाव, लाव, लाव.”

दोन वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा लातूरच्या औसा रोडवरच्या एका बैठकीत श्यू यानचा आवाज आला. वाटला त्यापेक्षा कोवळा, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. शिवकन्येने एका दमात सगळं सांगितलं. आमच्याकडे नंबर लागतो तो असा. घराची यादी लागते, नंबर लागतो. मेडिकलची यादी लागते, नंबर लागतो. गॅसच्या टाकीलासुद्धा नंबर लागतो. त्यात मरायचं काही नाही. माझी चूक झाली, मी मराठीत लिहिलं आणि मला वाटलं इंग्रजीत लिहिलं.

श्यू यान म्हणाली, “पण मी तर पहिल्या पानापासून तिला मेलेलीच समजत होते.”

“का?”

“तुमच्या पुस्तकात तिला कुणी हात लावत नाही. तीनशे पानांत एकदाही नाही. आई तिची वेणी घालत नाही, धाकटी तिचा हात धरत नाही, मैत्रिणी मिठी मारत नाहीत. सगळे तिच्याशी बोलतात, पण हात कुणीच लावत नाही. मला वाटलं, धाकटी मनाने रचतेय ही सगळी गोष्ट, आणि शेवटच्या ओळीत खरं सांगून टाकते. म्हणून मी प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, मुद्दाम. भाषांतर करताना मी रडले होते.”

शिवकन्या हातातलं पुस्तक भराभर चाळू लागली. तीनशे पानं. तिने स्वतः लिहिलेली, तीनदा तपासलेली. एकदाही?

“मला सांगा,” श्यू यान म्हणाली, “खरं काय आहे? मी तेच लिहीन.”

उंबऱ्यात अण्णा उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण नाव कुठल्याही भाषेत तेच राहतं, आणि आता ते घेतल्याशिवाय शिवकन्येला पुढे जाता येणार नव्हतं.

“तिचं नाव शिल्पा,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांनी त्या घरात ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं, आणि छप्पर काही कोसळलं नाही. “शिल्पा बारा वर्षांची होती. भूकंपात गेली. हे खरं. पण पुस्तकात ती जात नाही. पुस्तकात ती वाचते, शिकते, आपटते, परत बसते आणि तिचा नंबर लागतो. मी तिला एकदाच वाचवू शकते, ते तिथे. तुम्ही तिथे तरी तिला मारू नका.”

देविकाने रेंज गेली की काय म्हणून फोन उचलून पाहिला.

“मी सिचुआनची,” श्यू यान अखेर म्हणाली. “दोन हजार आठला आमचंही गाव पडलं. मी शाळेत होते. माझ्या बाकावर शेजारी बसायची ती…” आणि मग एकदम वेगळ्या, कामाच्या आवाजात, “किती वाजलेत? साडेचारला दहा कमी? थांबा. मी छापखान्यालाच फोन करते. फोन ठेवा.”

त्यानंतर जे चाललं त्याला वाट पाहणं म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. शिवकन्या बैठकीत येरझाऱ्या घालत होती. देविका दर मिनिटाला फोनवर फुंकर मारल्यासारखं करत होती. दोन वाजले. आलोकचा मेसेज आला, एजंट अजून मीटिंगमध्येच आहे. शिवकन्येने त्याला उत्तर द्यायचं टाळलं, नाहीतर प्रकाशन आणि ती, दोघांपैकी एकाचा नंबर लागला असता, इंग्रजीतला. सव्वादोन झाले. लाईट गेली. वायफाय गेलं. देविकाने जिवाच्या आकांताने फोनचा डेटा चालू केला. दोन वीस.

“शिवकन्ये,” अण्णा उंबऱ्यातून म्हणाले, “तू मगा शिल्पा म्हनलीस.”

“हाव अण्णा. सांगते. दहा मिनिटं थांबा, सगळं सांगते.”

“थांबतो की. मला कुटं जायचंय.” आणि ते तिथेच उंबऱ्यावर टेकले.

दोन पंचवीसला फोन वाजला. फोटो आला होता, छापायला निघालेल्या शेवटच्या पानाचा. देविकाने तो दोन बोटांनी मोठा केला. त्याखाली श्यू यानची ओळ होती: दोन अक्षरं काढली, तीन घातली. ओळीत जागा होती. फाईल गेली.

“वाच!” शिवकन्या किंचाळली.

“ज्ये-ज्ये खाओ-शांग-ल!” देविकाही किंचाळली. “खाओ-शांग म्हणजे परीक्षेतून वर निघाली, लागली! मॅडम, तिकडं निकालाच्या दिवशी घराघरांत हाच शब्द असतो. खाओ-शांग-ल!”

दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि लहान पोरींसारख्या बैठकीत उड्या मारल्या. टेबलावरचा पेला पडला, पाणी लॅपटॉपपर्यंत गेलं, देविकाने ओढणीनेच पुसलं. शिवकन्या हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, आणि दोन्ही एकदम चाललंय याची तिला जरासुद्धा लाज वाटत नव्हती. तीस हजार पुस्तकं! तीस हजार घरांत अक्का जिवंत!

मग ती उंबऱ्यापाशी जाऊन अण्णांच्या शेजारी खाली बसली. देविका शहाणी पोर, पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

“अण्णा, मी ते पुस्तक लिहिलं ना, ते अक्काचं हाय. शिल्पाक्काचं. त्यात ती वाचली. पैल्या पानाच्या आदीच तुमी तिला काडलं हुतं, आदी तिला, मग मला. मग ती लातूरला आली, शिकली. पैल्या वर्षी न्हाई जमलं, दुसऱ्या वर्षी बसली. आन् मेडिकलला नंबर लागला तिचा. चिनी बाईनं ते चुकून दुसरंच लिवलं हुतं, त्याच्यासाटी चालला हुता एवडा दंगा. आता नीट झालं.”

अण्णांनी हातातली शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि तसेच धरून ठेवले. म्हातारा रागावेल, उठून जाईल, आठ-आठ दिवस बोलणार नाही. शिवकन्या मनाची तयारी करू लागली.

“सरकारीत का खासगीत?” अण्णांनी विचारलं.

तिला क्षणभर कळलंच नाही. “आं?”

“नंबर. सरकारी कालेजात लागला का खासगीत?”

“सरकारीत, अण्णा.”

“हां.” त्यांनी मान डोलवली. “लागनारच. लई हुशार हुती. तुज्याहून जास्त.”

“हाव. माज्याहून लई जास्त.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरची टोपी घेतली, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले. शिवकन्या दारात उभी राहून बघत होती. त्यांची चाल ताठ होती. ते कोपऱ्यावर वळले. तिने देविकाला पाठवायचा विचार केला, मग केला नाही. लाईट आली, पंखा फिरू लागला.

वीसेक मिनिटांनी गल्लीत त्यांचा आवाज आला. शिवकन्येने खिडकीतून पाहिलं. अण्णांच्या हातात एक किलोचा पेढ्यांचा डबा होता, झाकण उघडलेलं, आणि ते समोरच्या सरजाबाईंच्या ओट्यापाशी उभे होते. जुलै महिना होता, गल्लीत रोज कुणीतरी पेढे वाटत होतं, त्यामुळे सरजाबाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी पेढा उचलला, कपाळाला लावला आणि विचारलं, “अगं बाई, तुमच्यात या वर्षी कोन बसलं हुतं, हनमंतराव? कुनाचा लागला नंबर?”

“आमच्या थोरलीचा,” अण्णा म्हणाले. “शिल्पाचा. अजून एक घ्या की.”